लोर्गोईचा एकुलता एक घोडा

घोडा आमच्या घराण्याच्या रक्तातच आहे, हे वाक्य मी आमच्या चौकातल्या बारमध्ये गेली तीस वर्षं बोलत आलो आहे. त्यात खोटं काही नाही. माझे आजोबा लग्नाला घोड्यावरून गेले आणि घोड्यावरूनच परत आले. येताना फक्त मागे आजी वाढली होती. माझा स्वतःचा घोड्याशी संबंध म्हणाल तर जमीन नोंदणीच्या कचेरीत बसून घोड्यांच्या कुरणांचे दाखले देण्यापुरता. पण ज्या गावात दोनशे बारा माणसं उरली आहेत आणि त्यातली निम्मी कानांनी अधू आहेत, तिथे असल्या वाक्याचा पुरावा कोणी मागत नाही. तो मागितला गेला त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, आणि सगळ्यांनी एकदमच मागितला.

झालं असं की शहरातून पत्र आलं. दर मे महिन्यात शहरात पोशाखांची मिरवणूक निघते. सार्डिनियातली गावंच्या गावं आपापल्या जुन्या पोशाखात, आपापलं निशाण घेऊन घोड्यांवरून जातात. नवरा पुढे, बायको त्याच्या मागे आडवी बसलेली. लोर्गोई गेली चोवीस वर्षं गेलं नव्हतं, कारण आमची तरुण मंडळी बोटीने पलीकडे नोकऱ्यांना गेली आणि घोडे त्यांच्याही आधी गेले. पत्रात लिहिलं होतं की सलग पंचवीस वर्षं गैरहजर राहिलेलं गाव शेजारच्या गावात विलीन समजलं जाईल आणि त्याचा पोशाख त्या गावाच्या नावावर चढेल. खाली बारीक अक्षरात आणखी एक कलम होतं: जो स्वार ज्या निशाणामागे चालेल, तो त्या निशाणाच्या गावचा समजला जाईल.

शेजारचं गाव म्हणजे सुर्गाले. ते आमच्यापासून चार किलोमीटर खाली आहे. तिथे बँक आहे, पोहण्याचा तलाव आहे आणि औषधाचं दुकान चालवणारे बाकीस आहेत. हे बाकीस नियम करणाऱ्या समितीवर होते आणि ती दोन्ही कलमं त्यांच्याच हातची होती, हे पोस्टातल्या बाईंनी पत्र वाटतानाच सगळ्यांना सांगून ठेवलं. सुर्गालेच्या बायका डाळिंबी रंगाचा, काळ्या मखमली काठाचा, बोटाबोटाच्या चुण्यांचा जो घागरा घालून मिरवतात, तो मुळात आमचा. त्यांनी तो आमच्यावरून उचलला. आता तो त्यांच्या नावावर लागला असता आणि आमचे लोक पाहुण्यासारखे बघत राहिले असते.

पत्राचं वाचन बारमध्ये झालं. ऐकायला माझ्या सासूबाईही आल्या होत्या. त्यांना सगळं गाव त्सिया रेमुंदा, म्हणजे रेमुंदामावशी म्हणतं, म्हणून मीही त्सियाच म्हणतो. वय वर्षं सत्त्याऐंशी. तो घागरा मुळापासून शिवता येणारी बेटावरची ही शेवटची बाई. त्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "मी लोर्गोईत जन्मले. मला सुर्गालेची म्हणून पुरायचं असेल तर आत्ताच सांगून टाका. मी मरायचंच रद्द करते."

कोणी हसलं नाही. त्या हे करूही शकल्या असत्या. मग प्रश्न निघाला की एक तरी जोडपं घोड्यावरून पाठवायचं तर कुणाला, आणि बारमधली सगळी तोंडं हळूहळू माझ्याकडे वळली. गावात पुरुषाचा एकच संपूर्ण जुना पोशाख शिल्लक होता, तो माझ्या आजोबांचा. बाईचा एकच खरा घागरा होता, तो त्सिया रेमुंदांच्या आईचा, आणि तो त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, पिएत्रीनाला अगदी बेतल्यासारखा बसत होता. शिवाय घोडा माझ्या रक्तात होता. मी म्हणालो, "हो, मी जाईन." एवढं छोटंसं काम. एका रविवारी, एक तास, घोड्यावर नुसतं बसायचं. चालायचं घोड्याने.

अर्ज द्यायला मी शहरात गेलो. इथे एक कबुली द्यायला हवी. तीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेलो आहे. "एक प्रत कमी आहे, उद्या या," हे वाक्य मी ज्या सफाईने टाकतो, त्याचं माझ्या वरिष्ठांनी लेखी कौतुक केलेलं आहे. बाहेरच्या बाजूने ते कसं लागतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मिरवणुकीच्या खिडकीतली बाई माझ्याहून पोचलेली निघाली. तिला घोड्याच्या प्रकृतीचा दाखला हवा होता, माझ्या प्रकृतीचा हवा होता, घोडा उसना असेल तर मालकाची संमती हवी होती, आणि घोड्याचे दोन फोटो हवे होते, एक समोरून आणि एक बाजूने. माझा मात्र एकच, समोरून. मी विचारलं की माझा बाजूने नको का. तिने खिडकीतून जरा वाकून माझ्या पोटाकडे पाहिलं आणि नको म्हणाली. मग सगळं पाहून झाल्यावर सांगितलं की एक प्रत कमी आहे, उद्या या.

मी तीन वेळा गेलो. घोड्याच्या दाखल्यावर जनावरांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: हृदय उत्तम, दात उत्तम, स्वभाव शांत. माझ्या दाखल्यावर माणसांच्या डॉक्टरांनी लिहिलं: वजन जास्त, गुडघे जेमतेम, स्वभाव तपासलेला नाही. पिएत्रीनाने दोन्ही दाखल्यांच्या प्रती फ्रिजवर शेजारीशेजारी चिकटवून ठेवल्या. ती शाळेत शिकवते. तुलनेने मुलं सुधारतात असं तिचं मत आहे, आणि ते मत ती घरीही राबवते.

घोडा होता त्सिउ बारोरे, म्हणजे बारोरेकाका यांचा. गावात तेवढा एकच उरला होता. नाव फौजदार, वय बावीस, रंग विटकरी, मिशा मालकापेक्षा भरघोस. बारोरेंनी तो सहा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून घेतला होता. त्याआधी तो कुठे होता, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. घोड्याची पूर्वपीठिका कोण काढत बसतो? जमिनीची मी रोज काढतो, पण घोड्याची काढायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

सराव चौकात सुरू झाला, कारण तिथे दगडी हौद आहे आणि त्याच्या काठावर चढल्याशिवाय मला घोड्यावर पोचता येत नव्हतं. सरावाला गाव लोटायचं. न्हावी सांगायचा की गुडघे घट्ट आवळ. चर्चची घंटा वाजवणारा सांगायचा की गुडघे अगदी सैल सोड. पोस्टातल्या बाईंचं म्हणणं, घोड्याला आपली भीती कळता कामा नये. त्यावर बारोरे पाइप काढून शांतपणे म्हणाले, "ती त्याला पहिल्याच दिवशी कळली आहे, गोनारिओ. आता लपवू नकोस, त्याला वाईट वाटेल." मी गुडघे एकदा आवळत होतो, एकदा सोडत होतो, आणि या दोन्हींच्या मध्ये एकदा हौदात पडलो. पाणी कमरेइतकंच होतं. तरीही गावाने मला वर काढायला दोरी आणली. ही गोष्ट मला आजही मुद्दाम केलेली वाटते.

एप्रिलअखेर मी फौजदारवर बसून चौकाला तीन फेऱ्या मारू लागलो. मागे पिएत्रीना आडवी बसायची, एक हात माझ्या कमरेत, आणि मला वळणं सांगायची. गाडीतही ती हेच करते, त्यामुळे तेवढ्यापुरता मला सराव होता.

आता घागरा. लोर्गोईचा घागरा इस्त्रीने होत नाही. तो ओला करायचा, चुणीवर चुणी बोटांनी बसवायची, दोऱ्यांनी आवळून बांधायचा, ओल्या फडक्यात गुंडाळायचा आणि भट्टीतून पाव काढल्यावर उरलेल्या उबेत ठेवायचा. ती ऊब बरोबर आहे की नाही हे ओळखायची आमच्या गावची एकच रीत आहे. भट्टीत हात कोपरापर्यंत घालायचा आणि क्रेदोची प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची. प्रार्थना संपेपर्यंत हात टिकला तर घागरा आत, नाही टिकला तर आणखी थांबायचं. त्सियांनी चुण्या बसवल्या, त्यात त्यांचे तीन दिवस गेले. भट्टीचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं, कारण त्यांचे हात आता ऊब ओळखत नव्हते. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

लहानपणी मी चर्चमध्ये वेदीपाशी सेवा करत असे. त्या वेळचे आमचे पाद्री भुकेचे फार कच्चे होते. त्यांच्याबरोबर प्रार्थना म्हणता म्हणता माझी क्रेदो जेवणाच्या वेगाने होऊन बसली होती. मी हात घातला, म्हटलं, आमेन केलं आणि घागरा आत सरकवला. त्सिया दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "झाली म्हणून?" मी म्हटलं, झाली. त्या म्हणाल्या, "मी तर अजून निम्म्यात, कुमारी मारियेपर्यंतच आले आहे."

धावत जाऊन बाहेर काढला तोवर मागच्या काठापाशी तळहाताएवढा तपकिरी डाग उठला होता. चुण्या मात्र अशा बसल्या होत्या की नख जाणार नाही. त्यांच्या आईचा घागरा होता तो. त्सियांनी डागावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग म्हणाल्या की आईच्या हातून असे दोन झाले होते, आणि आत निघून गेल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मिरवणुकीच्या सकाळी घोडे उभे करायच्या मैदानात पोशाखांची तपासणी होती. तपासणाऱ्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्या, हातात जाड नोंदवही. मी आजोबांची पांढरी सैल तुमान, वर काळा आखूड झगा आणि खांद्यापर्यंत लोंबणारी काळी टोपी घालून पोट आत घेऊन उभा होतो. आमच्या शेजारीच सुर्गालेचे चाळीस घोडे, चाळीस जोडपी, चाळीस डाळिंबी घागरे. त्यांतल्या पहिल्या, पांढऱ्या घोड्यावर बाकीस निशाण घेऊन बसले होते. ते खाली उतरून आले, पिएत्रीनाचा हात हातात घेतला आणि तपासणाऱ्या बाईंना मोठ्या मनाने म्हणाले की डागाकडे दुर्लक्ष करा, गरीब गाव आहे. मग त्यांनी आमच्या घोड्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि खूश होऊन परत गेले. ते खूश का झाले, हे मला तेव्हा कळलं नाही.

बाईंनी घागऱ्याचा काठ उचलला, डाग पाहिला आणि चक्क वास घेतला. मग सुर्गालेच्या पहिल्या रांगेतल्या एका घागऱ्याचा वास घेतला. पुन्हा आमच्या घागऱ्याकडे आल्या. त्यांनी वहीत लिहिलं ते मी समोरून उलटं वाचलं. कचेरीत राहून ही एक कला अंगी येते. लिहिलं होतं: भट्टीतल्या चुण्या, पावाचा वास, अस्सल. मी शेजारी पाहिलं तर पिएत्रीनाच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. घोडा तेवढा कोरडा होता.

मिरवणुकीत सुर्गालेचा क्रमांक सोळा आणि आमचा सतरा. त्यांच्या शेवटच्या घोड्यामागे वीस पावलं सोडून आम्ही चालायचं. आमचं निशाण पिएत्रीनाच्या हातात होतं. त्सियांनी आपल्या लग्नातल्या चादरीवर काळ्या दोऱ्याने गावाचं नाव भरलं होतं. त्या स्वतः घरून आणलेली खुर्ची टाकून पंचांच्या मंचासमोर, रस्त्यापलीकडे बसल्या होत्या. गावातून एक बस भरून माणसं आली होती. लोर्गोईच्या हिशेबाने हा स्थलांतराचा प्रकार झाला.

पहिली दहा मिनिटं मी आजोबांसारखा बसलो होतो. लोक टाळ्या वाजवत होते, बाल्कन्यांतून फुलं पडत होती, आणि मी हलकी मान झुकवत होतो. तेवढ्यात पुढे सुर्गालेच्या अकॉर्डियनवाल्याने त्यांच्या गावची चाल धरली. फौजदारचे कान उभे राहिले. बारोरेंनी बजावलं होतं की त्याने कान पुढे केले तर लगाम धरून प्रार्थना म्हण. मी क्रेदो सुरू केली, माझ्या वेगाने, आणि घोड्यानेही तोच वेग घेतला.

वीस पावलांचं अंतर संपलं आणि तो सुर्गालेच्या रांगेत शिरला. मी लगाम ओढत होतो, गुडघे आवळत होतो, सोडत होतो. दोन्ही बाजूंच्या घोड्यांनी त्याला वाट करून दिली, अदबीने, वरिष्ठाला द्यावी तशी. तेव्हा एका सुर्गालेकराने शेजारच्याला सांगितलेलं मी ऐकलं: "अरे, हा तर आपला जुना पुढारी घोडा." अकरा वर्षं हा फौजदार सुर्गालेच्या सगळ्यांत पुढे चालला होता. म्हातारा झाला म्हणून त्यांनी तो व्यापाऱ्याला विकला होता. बाकीसनी सकाळीच त्याला ओळखलं होतं.

आता आम्ही सुर्गालेच्या निशाणामागे होतो. समोर मंच दिसू लागला. कलम मला तोंडपाठ होतं. चोवीस वर्षांची गैरहजेरी पत्करली असती, पण सगळ्या गावादेखत, त्सियांच्या खुर्चीसमोरून, मी स्वतः लोर्गोईला सुर्गालेच्या घरात नेऊन सोडत होतो. एवढी शरम मला हौदातही वाटली नव्हती. निशाण दोन्ही बाजूंच्या स्वारांत अडकायला लागलं म्हणून पिएत्रीनाने ते गुंडाळून काखेत धरलं. बाकीस मागे वळले आणि प्रेमाने म्हणाले, "या, गोनारिओ, या. घर तुमचंच आहे."

पिएत्रीना माझ्या कानाशी म्हणाली, "लगाम सोड."

"काय?"

"सोड म्हणते ना. त्याला कळतंय तो कुठे चाललाय. तुला कळत नाहीये."

मी सोडला. लग्नानंतर सत्तावीस वर्षांत मी तिचं जे काही ऐकलं आहे, त्यात हे सगळ्यांत बरोबर होतं. फौजदार मागे चालायला आलाच नव्हता. त्याने बाकीसच्या पांढऱ्या घोड्याला बाजूने ओलांडलं, निशाणाच्याही पुढे गेला आणि आपल्या जुन्या जागी, सगळ्यांच्या आघाडीला, मान ताठ करून चालू लागला. बाकीस टाचा मारत होते, पण त्यांच्या घोड्याची जुन्या साहेबांपुढे जायची छाती होईना. मंचासमोर फौजदार थांबला. मागचे चाळीसही थांबले. त्याने पुढचा एक पाय दुमडला आणि मान खाली घातली, आणि त्याच क्षणी पिएत्रीनाने निशाण उलगडलं.

ध्वनिक्षेपकावरच्या माणसाला कागदावर काय होतं कोण जाणे. त्याने डोळ्यांसमोर दिसलं ते वाचलं: "लोर्गोई!" मग त्याने समोर पसरलेले एक्केचाळीस सारखे डाळिंबी घागरे पाहिले आणि गहिवरून म्हणाला, "आणि किती मोठ्या संख्येने आलं आहे पाहा, चोवीस वर्षांनी!" सगळा रस्ता टाळ्या वाजवत उठला. मी समोर पाहिलं. त्सिया रेमुंदा खुर्चीवरून उठून उभ्या होत्या, काठी न धरता. मला आयुष्यात एवढा अभिमान कधी वाटला नाही, आणि त्यात माझा वाटा फक्त लगाम सोडण्यापुरता होता, याचं मला काडीइतकं वाईट वाटलं नाही.

मिरवणूक संपल्यावर बाकीस घाम पुसत नोंदवहीच्या टेबलाशी आले. तपासणाऱ्या बाईंनी त्यांना शांतपणे कलम वाचून दाखवलं: जो स्वार ज्या निशाणामागे चालेल. "हे आपणच लिहिलंत ना?" त्यांनी विचारलं. वहीत नोंद झाली होती: लोर्गोई, घोडे एक्केचाळीस. सुर्गाले, गैरहजर. दुरुस्ती हवी असेल तर लोर्गोईचा ना हरकत दाखला आणावा.

गुरुवारी बाकीस आमच्या गावात, माझ्या घरी आले. चार किलोमीटर चढून. मी गावच्या मिरवणूक मंडळाचा अध्यक्ष आणि एकमेव सभासद. अर्ज मी उलटून पाहिला, पालटून पाहिला. तीस वर्षांची साधना जिभेवर आली. "एक प्रत कमी आहे," मी म्हणालो. "उद्या या."

ते दुसऱ्या दिवशी आले. दोन प्रती घेऊन. मी आणखी काही कमी काढलं असतं, पण मध्येच त्सिया रेमुंदांनी काठी आपटली. त्यांनी बाकीसना समोर उभं केलं आणि एकच विचारलं, "घागरा कुणाचा?"

बाकीसनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, टोपी काढून हातात घेतली. "लोर्गोईचा, त्सिया," ते म्हणाले.

"लिही."

त्यांनी दोन्ही प्रतींवर लिहिलं. त्सियांनी ओळीखालून बोट फिरवत वाचलं, एका प्रतीची घडी घालून शालीआड ठेवली आणि पिएत्रीनाला सांगितलं की पाव गरम आहे, याला बसव आणि वाढ. बाकीस बसले. त्सियाही बसल्या. आता सही तेवढी माझी राहिली होती. ती मी उभ्यानेच केली, कारण घोडा रक्तात असला तरी खुर्चीवर बसणं मला अजून आठवडाभर जमणार नव्हतं.